अडकलेलं रिव्हॉल्व्हर: बाकड्यावरच्या नोंदी

९ डिसेंबर २०२४, सोमवार

सकाळी कोल्हापुरातलं आमचं हत्यार दुरुस्तीचं दुकान उघडायच्या आधीच फोन. चिपळूणकडचे एक काका, आंब्या-काजूची बाग आहे, जुने लायसनदार. लायसनचं नूतनीकरण आलंय म्हणून कपाटातून रिव्हॉल्व्हर काढलं तर सिलिंडर, म्हणजे काडतुसांची घरं असलेला गोल भाग, फिरत नाही, उघडायला नळी बिजागरीवर खाली मोडत नाही, काहीच हलत नाही. आत काडतुसं आहेत का विचारलं तर म्हणाले, "असतील बहुतेक, सहाच्या सहा असतील, मी पुरानंतर उघडलंच नाही." पूर म्हणजे २२ जुलै २०२१ चा, वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं होतं तेव्हा कपाट भिजलं, नंतर त्यांनी हत्यार कव्हरसकट उन्हात वाळवलं आणि बाहेरून खोबरेल तेल लावून ठेवून दिलं.

काकांना पहिलंच सांगितलं, आता ते जिथं ठेवलंय तिथून उचलू नका. नळीचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते लांबूनच बघा, त्या बाजूच्या खोलीत कुणी बसायचं नाही, झोपायचं नाही. खोलीला कुलूप. आणि फिरतंय का बघू म्हणून चाप ओढून बघायचा नाही, घोडा, म्हणजे मागचा काडतुसावर आपटणारा भाग, मागं खेचायचा नाही.

हे शेवटचं मी तीन वेळा सांगितलं, कारण लोक नेमकं तेच करतात. रिव्हॉल्व्हरमध्ये चाप, घोडा आणि सिलिंडर हे एकमेकांना बांधलेले असतात. चाप ओढला की आतला पंजा सिलिंडरच्या मागच्या दात्यांना ढकलतो, सिलिंडर एक घर पुढं सरकतं, आणि त्याच वेळी घोडा मागं जात असतो. सिलिंडर जाम असेल तर चाप पण जाम लागतो, म्हणून माणसाला वाटतं की हे मेलंय, आता काही होत नाही, मग तो दोन बोटांनी जोर लावतो, आणि ज्या क्षणाला गंज सुटतो त्या क्षणाला चाप शेवटपर्यंत जातो आणि घोडा पडतो. म्हणजे अडकलेलं हत्यार मोकळं होण्याची वेळ आणि बार उडण्याची वेळ एकच. सगळे अपघात त्या अर्ध्या सेकंदात आहेत.

काकांचा मुलगा पुण्यात असतो, दुपारी त्याचा पण फोन आला, "दादा, यूट्यूबवर बघितलं, रबरी हातोडीनं ठोकलं की सुटतं म्हणे." त्याला म्हटलं तुझ्या बाबांना हातोडी दाखवू पण नकोस.

१० डिसेंबर, मंगळवार

कागदपत्रं. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दुरुस्तीला सुद्धा परवाना लागतो, म्हणजे गावातल्या लेथवाल्याकडं किंवा ओळखीच्या फिटरकडं हत्यार न्यायचंच नाही, कितीही हुशार असला तरी. काकांना त्यांच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यायला लावला, भरलेलं आणि अडकलेलं हत्यार दुरुस्तीला नेतोय असं स्पष्ट लिहून. ठाण्यातल्या लोकांनी चांगलं सहकार्य केलं, एक शिपाई सोबत द्यायला तयार झाले.

पॅकिंग कसं करायचं ते फोनवर सांगितलं. लाकडी खोकं, एका टोकाला वाळूनं गच्च भरलेली दोन पोती, हत्यार गोधडीच्या तुकड्यात आडवं, मूठ आणि मधला भाग पट्ट्यानं खोक्याला बांधलेला, नळीचं तोंड पोत्याच्या दिशेला पण पोत्यात खुपसलेलं नाही, कारण वाळू नळीत गेली तर आणखी एक भानगड वाढते. चामड्याच्या कव्हरमधून काढायचा प्रयत्न करू नका, आहे तसं आणा.

१२ डिसेंबर, गुरुवार

कुंभार्ली घाटातून दुपारी गाडी पोचली. काका, मुलगा आणि शिपाई. खोकं थेट मागच्या खोलीत घेतलं, तिथं भिंतीला लागून वाळूची पेटी आहे आणि आमचं बाकडं त्या पेटीकडं तोंड करूनच आहे. काकांना आणि मुलाला बाहेर चहाला बसवलं. आत मी आणि माझा मदतनीस विकी फक्त. दोघांना चष्मे, चेहऱ्यावर पारदर्शक ढाल, कानात बोळे. मोबाईल बाहेर, एकच आत ठेवला तो कॅमेऱ्यासाठी, फ्लाइट मोडवर.

हत्यार म्हणजे आपलं नेहमीचं कानपूरच्या कारखान्याचं .३२ बोअरचं, सहा गोळ्यांचं, वेब्ली ह्या जुन्या इंग्रजी रिव्हॉल्व्हरच्या धर्तीचं, म्हणजे डाव्या बाजूचा खटका अंगठ्यानं दाबला की नळी आणि सिलिंडर दोन्ही मिळून बिजागरीवर पुढं खाली मोडतात आणि मोडता मोडता सिलिंडरच्या मधला चांदणीच्या आकाराचा भाग, त्याला आम्ही तारा म्हणतो, वर उठून सहाही काडतुसं एकदम उचलतो. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांनी एवढं लक्षात ठेवा, पुढचं सगळं ह्या ताऱ्यावर आहे.

चामड्याचं कव्हर ब्लेडनं शिवणीवरून उसवलं, ओढून नाही काढलं. आतून कव्हर पांढुरक्या बुरशीनं भरलेलं आणि सिलिंडरच्या उंचवट्याच्या जागी हिरवा डाग. तो हिरवा डाग बघितला आणि निम्मं निदान तिथंच झालं. चामडं कमावताना जी द्रव्यं वापरतात ती ओल धरतात आणि पितळ खातात, पितळी भांड्यात ताक ठेवल्यावर जसं कळकतं तसं काडतूस कळकतं, वर हिरवी साय धरते, आणि ती चेंबरच्या, म्हणजे सिलिंडरमधल्या काडतुसाच्या घराच्या, भिंतीला चिकटून बसते.

मग बघायचं काम. नळीच्या पुढं जाऊन कुणीही बघायचं नाही, कधीच नाही. मोबाईल लांब काठीला बांधून पुढून फोटो काढले, टॉर्च बाजूनं. नळीसमोर नसलेल्या चेंबरमध्ये गोळ्यांची टोकं दिसतात, पांढरट भुकटी धरलेली. मागच्या बाजूनं सिलिंडर आणि फ्रेम यांच्यामधल्या फटीत तिरका प्रकाश टाकला तर काडतुसांच्या कडा दिसल्या, हिरव्या. जेवढ्या दिसतात तेवढ्या सगळ्या भरलेल्या. जी नळीसमोर आहे ती पण भरलेलीच धरायची.

घोडा खाली. खटका दाबला तर दाबला जातो आणि नळी केसभर हलते आणि थांबते. म्हणजे खटका ठीक आहे, बिजागरी पण पूर्ण गंजलेली नाही, अडलंय ते ताऱ्यावर नाहीतर सिलिंडरच्या आसावर. आज एवढंच. घोड्याच्या चोचीपुढच्या फटीत जाड चामड्याची पट्टी सरकवून दोऱ्यानं बांधली, म्हणजे काही झालं तरी चोच काडतुसापर्यंत पोचणार नाही. पट्टी लाल रंगवलेली असते आमची, लांबून दिसते.

खटक्याजवळ फ्रेमवर स्क्रू ड्रायव्हरचे ताजे ओरखडे आहेत. बाहेर येऊन काकांना हळूच विचारलं. ते गप्प बसले, मग म्हणाले, पुतण्यानं दिवाळीत जरा प्रयत्न केला होता. त्या पोराच्या हातात त्या दिवशी काही झालं नाही ही देवाची कृपा, एवढंच म्हणतो.

१३ डिसेंबर, शुक्रवार

विकी विचारत होता की दादा, कळकलंय हे कळलं ना, मग बाकीचं कशाला तपासायचं. बरोबर प्रश्न आहे पण उत्तर असं की सिलिंडर जाम व्हायला एकच कारण असतं असं नाही, आणि प्रत्येक कारणाचा उपाय दुसऱ्या कारणात घातक ठरतो. म्हणून हे इथं लिहून ठेवतो.

प्राइमर, म्हणजे काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी, नीट बसलेला नसेल, कडेपासून जरा वर आलेला असेल, तर तो मागच्या फ्रेमला घासतो आणि सिलिंडर अडतं. इथं जबरदस्तीनं फिरवणं म्हणजे प्राइमरलाच घासणं, सगळ्यात वाईट. दुसरं, काडतुसातली गोळी ढिली होऊन पुढं सरकते आणि तिचं टोक सिलिंडरच्या बाहेर येऊन नळीच्या मागच्या तोंडाला अडतं, हलक्या हत्यारात जड दारूची काडतुसं वापरली की धक्क्यानं असं होतं. तिसरं, बार अर्धवट, नुसता प्राइमरचा फुस्स आवाज आला आणि गोळी अर्धी सिलिंडरमध्ये अर्धी नळीत अडकली. ह्या तिसऱ्यात बाजूला उघडणारं सिलिंडर असेल तर ते उघडतच नाही कारण गोळी कडीसारखी दोघांना धरून बसते, पण आपल्या ह्या मोडणाऱ्या बनावटीत नळी आणि सिलिंडर एकत्रच खाली येतात त्यामुळं निदान मागची बाजू तरी मोकळी करता येते. जुनी बनावट म्हणून नावं ठेवणाऱ्यांनी हा गुण बघावा. उलट हिचा तोटा असा की एक जरी काडतूस चेंबरला चिकटलं तर तारा उठत नाही आणि तारा उठला नाही तर नळी मोडतच नाही, एकामुळं सहा अडकतात.

मग गोळी पुढं आलीय का हे कसं बघायचं? फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या. ०.१० मिलिमीटरची पट्टी बाजूनं, हात नळीच्या मागं ठेवून, सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीत सरकवली. वरून खालपर्यंत आरपार गेली, अडली नाही. म्हणजे तिथं गोळी आडवी नाही. मागच्या बाजूला पण पातळ पट्टी घातली, दिसणाऱ्या काडतुसांवर प्राइमर वर आलेला नाही. नळीसमोरच्या काडतुसाचं खात्रीनं सांगता येत नाही, म्हणून ते वाईटच आहे असं धरून चालायचं.

निदान: कळक, अधिक खोबरेल तेलाचा राळेसारखा थर, अधिक पुराचा गाळ.

१४ डिसेंबर, शनिवार

तेल सोडायला सुरुवात. शिकंज्याला लाकडी जबडे लावून हत्यार मुठीकडून धरलं, नळी खाली वाळूच्या पेटीकडं तिरकी, म्हणजे मागून सोडलेलं तेल काडतुसांच्या कडांवरून चेंबरमध्ये आपोआप उतरतं. पातळ झिरपणारं तेल, ड्रॉपरनं, थोडं थोडं. फवारा नाही मारला, फवाऱ्यानं निम्मं तेल भलतीकडंच जातं.

उष्णता अजिबात नाही. हे लिहून ठेवायला हवं कारण गंजलेला नटबोल्ट गरम करून काढायची सवय सगळ्या मिस्त्री लोकांना असते आणि इथं तेच हात आपोआप गॅसबत्तीकडं जातात. भरलेल्या हत्याराला ब्लोअर नाही, हीटगन नाही, उन्हात टीनच्या पत्र्यावर ठेवणं पण नाही.

आता थंडीचा एक त्रास आहे. खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं, आणि कोल्हापुरात सध्या सकाळी स्वेटर लागतोय, त्यामुळं सकाळी खाचेत पांढरा थर दिसतो आणि दुपारी तो मऊ होतो. म्हणून काम दुपारीच करायचं ठरवलं, खोलीचं तापमान आहे ते पुरतं.

एक गैरसमज फार आहे की डब्ल्यूडी-४० किंवा असलं तेल मुरलं की काडतूस मरतं. मरतं कधी कधी. प्राइमर आणि गोळी दोन्ही जागी बरेचदा लाखेचं सील असतं आणि ते धरून राहिलं तर आठवडाभर तेलात बुडवलेलं काडतूस सुद्धा उडतं. तेल हे सुटं करायला घालतोय, निकामी करायला नाही. हे डोक्यात पक्कं असलं तरच पुढं हात लावायचा.

१६ डिसेंबर, सोमवार

हालचाल नाही. तेल खाली गेलंय, पुढून मोबाईलच्या फोटोत दोन चेंबरमधून तपकिरी थेंब आलेले दिसतात, बाकी कोरडे.

विकीचा जीव वर-खाली होतोय, म्हणतो नायलॉनच्या हातोडीनं नळीवर एक हलका ठोका देऊ. नाही दिला. ठोक्यानं तारा जोरात उठायला बघतो, चिकटलेली काडतुसं उठत नाहीत, मग एकतर ताऱ्याची पाकळी वाकते, नाहीतर ती काडतुसाच्या कडेवरून घसरते आणि कड ताऱ्याच्या खाली जाते. तसं झालं की हत्यार ना उघडत ना मिटत, आणि आत भरलेलं काडतूस. आज तेल सोडलं आणि दुसऱ्या कामाला लागलो, एअर रायफलची सील बदलायची होती एका शाळेच्या पोराची. पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत स्वप्नील कुसाळेनं ब्राँझ आणल्यापासून राधानगरीकडची पोरं दुकानात येऊन नुसती बघत उभी राहतात. छान वाटतं. आणि त्या पोरांना रेंजवर पहिल्या दिवसापासून चेंबरमध्ये रंगीत सेफ्टी फ्लॅग घालायला शिकवतात, हत्यार रिकामं आहे हे सांगायचं नसतं तर दाखवायचं असतं. घरी हत्यार ठेवणाऱ्या आपल्या लायसनदारांना हे कुणी शिकवतच नाही. परवाना मिळतो, हत्यार मिळतं, आणि मग ते भरून कपाटात.

१८ डिसेंबर, बुधवार

सिलिंडरला बाजूची हालचाल आली. अगदी थोडी, बोटानं नाही कळत, पण सिलिंडरवर आणि फ्रेमवर पेन्सिलनं एक सरळ रेघ ओढून ठेवली होती ती आज जुळत नव्हती. म्हणजे आस सुटायला लागलाय, गाळ ओला झाला. फिरवायचा प्रयत्न केला नाही. फिरवून काही उपयोगच नाही, आपल्याला ते फिरवायचं नाहीये, उघडायचंय, आणि फिरवलं की घोड्यासमोर नवीन काडतूस येतं.

खटका दाबून नळी हळूच खाली, जिथं अडते तिथं थांबून परत वर. परत खाली. प्रत्येक वेळी मागच्या कडेला तेलाचा बुडबुडा येतो आणि आत जातो. हे खूप वेळ केलं. बुडबुड्याचा रंग बदलत जातो, आधी हिरवट, मग काळपट. हात मुठीवर आणि नळीच्या वरच्या पट्टीवर, तोंडासमोर कधीच नाही, आणि बोट चापाच्या कडीच्या बाहेर.

२१ डिसेंबर, शनिवार

उघडलं. पूर्ण नाही, पण उघडलं.

दुपारी अडीचच्या सुमारास तेच हळू खाली-वर चालू होतं, आणि एकदा नळी खाली जाताना थांबायच्या जागी थांबलीच नाही, लोण्यातून सुरी गेल्यासारखी वगैरे नाही हं, करकरत, वाळू चावल्यासारखा आवाज करत पुढं गेली आणि सहाही कडा ताऱ्याबरोबर चारेक मिलिमीटर वर आल्या. तिथंच थांबलो. आता काडतुसांची बुडं फ्रेमपासून लांब आहेत, घोड्याची चोच त्यांच्यापर्यंत पोचूच शकत नाही, म्हणजे सगळ्यात मोठा धोका टळला. विकीनं बाहेर जाऊन काकांना फोन लावला, मी आत बसून राहिलो जरा वेळ.

पण टळला म्हणजे संपला नाही. सुटं काडतूस उडालं तर गोळी फार जोरात जात नाही, पितळी पुंगळी मात्र फुटते आणि तिचे तुकडे उडतात. त्यामुळं ढाल चेहऱ्यावरच, आणि आता जाड चामडी हातमोजे.

तारा लाकडी पाचरीनं वर धरून ठेवला म्हणजे तो स्प्रिंगनं परत खाली बसू नये. मग एकेक काडतूस बोटानं. पहिली तीन सरळ आली, चौथं जरा फिरवत फिरवत. पकड नाही वापरली, पकडीचे दात प्राइमरला लागले तर सगळं केलेलं पाण्यात. उरली दोन, नेमकी तीच ज्यांच्या चेंबरमधून शेवटपर्यंत तेल पुढं आलं नव्हतं. त्यातल्या एकाची कड ताऱ्याच्या पाकळीखाली अर्धी गेलेली, पाकळी आधीच वाकलेली आहे, स्क्रू ड्रायव्हरवाल्या दिवशीची.

दोन्ही तशीच ठेवून आजचं काम बंद. काडतुसं आल्या आल्या मोजून वेगळ्या धातूच्या डबीत, खाली कापूस, एकमेकांना न लागता, डबी वाळूच्या पेटीत.

२३ डिसेंबर, सोमवार

आज सिलिंडर फ्रेमपासून वेगळं केलं. डाव्या बाजूचा धरणारा स्क्रू काढला, पट्टी उचलली, सिलिंडर वर उचलून घेतलं. स्क्रूची खाच मातीनं भरलेली, ती आधी सुईनं साफ केली, खाचेत बरोबर बसणारा स्क्रू ड्रायव्हर घासून बनवला. आता ते हत्यार राहिलं नाही, घोडा एकीकडं आणि काडतुसं दुसरीकडं. बिचारं सिलिंडर तेलाच्या बरणीत, झाकण घट्ट न लावता, वाळूच्या पेटीत, वर पाटी.

२६ डिसेंबर, गुरुवार

नाताळची सुट्टी तेलाला मिळाली आणि फायदा झाला. एक काडतूस बोटानं सुटलं. राहिलेलं एक, पाकळीखालचं, त्याला पुढून चेंबरच्या मापाचा प्लास्टिकचा दांडा लावून शिकंज्याच्या स्क्रूनं दाबलं, ठोकून नाही, स्क्रू पाव पाव फेरा. काडतुसाचं बूड वाळूच्या पेटीकडं, मधे मोकळी जागा, बुडाला कशाचाही स्पर्श नाही, आणि आम्ही बाजूला ढालीमागं. दांडा गोळीच्या टोकाला वाटीसारखा कोरलेला, म्हणजे जोर सगळीकडं सारखा जातो आणि गोळी आत दबत नाही. "टक" असा एक बारीक आवाज आला, विकी दचकला, मी पण. कळक तुटल्याचा आवाज होता. पुढं सरळ आलं.

पुसल्यावर बुडावर केएफ दिसलं, खडकीच्या कारखान्याचा शिक्का. पुंगळीच्या अंगावर कळकानं खड्डे पाडलेत, एका ठिकाणी नखानं टोचलं तर जाईल इतकं पितळ पातळ झालंय. हे काडतूस कुणी खरंच उडवलं असतं तर पुंगळी तिथं फाटून गॅस मागं आला असता.

सहाही काडतुसं पंचनामा करून पोलिसांच्या ताब्यात. जुनी काडतुसं विहिरीत, नदीत, पुरून, किंवा चुलीत, असं काहीही करायचं नाही, लोक करतात म्हणून लिहितोय. परवान्यावर त्यांची नोंद असते, त्यांचा हिशोब द्यावा लागतो, आणि दिला की आपलं डोकं पण मोकळं.

२८ डिसेंबर, शनिवार

साफसफाई. आसाच्या भोकातून निघालेला गाळ कागदावर वाळवून बघितला, अगदी बारीक, लालसर, चिपळूणच्या पुरानंतर घराघरांतून फावड्यानं काढला तोच. खोबरेल तेलाचा थर रॉकेलनं सुटेना, शेवटी ॲसिटोन. तेल वाईट नाही हो, केसांना उत्तम आहे, पण लोखंडावर कालांतरानं ते खवट होतं, घट्ट होतं, आणि धूळ धरून ठेवतं. शिलाई मशीनचं तेल त्यापेक्षा बरं, आणि हत्यारांसाठीचं तेल मिळतं ते सगळ्यात बरं, तेही एक पातळ हात, जास्त नाही.

चेंबर ब्राँझच्या ब्रशनं साफ केले. चार चांगले. दोन चेंबरमध्ये, जिथं ती शेवटची काडतुसं होती, भिंतीवर खड्डे. काडीच्या टोकाला कापूस गुंडाळून फिरवला तर कापसाचे धागे अडकून राहतात, एवढे खोल.

४ जानेवारी २०२५, शनिवार

जोडणी केली आणि डमी काडतुसांवर तपासणी. सिलिंडर आणि नळीमधली फट ०.१५ मिलिमीटर, चांगली आहे. घोडा पूर्ण मागं जायच्या आधी सिलिंडर आपल्या घरात कुलूपबंद होतंय का ते प्रत्येक चेंबरवर बघितलं, होतंय. पंजा आणि त्याची स्प्रिंग शाबूत. ताऱ्याची पाकळी वाकलेली, ती सरळ करून चालवता येईल पण एकदा वाकलेलं पोलाद सरळ केलं की त्या जागी भरवसा राहत नाही.

म्हणजे यंत्र म्हणून सगळं फिरतंय. खुळखुळ नाही, अडकत नाही, हातात घेतल्यावर कुणालाही वाटेल झालं काम. पण त्या दोन चेंबरमध्ये बार काढला की पुंगळी फुगून खड्ड्यांत रुतणार आणि परत तारा उठणार नाही, ह्या वेळी बाराच्या जोरानं रुतलेली. मी हे हत्यार वापरायला देणार नाही.

९ जानेवारी, गुरुवार

काका आले, एकटेच, रात्रीच्या एसटीनं. सिलिंडर सुटं करून बाकड्यावर पांढऱ्या कापडावर ठेवलं होतं, भिंग दिलं. बराच वेळ बघत बसले. म्हणाले, "मला वाटलं होतं तेल लावलंय, चांगलं आहे."

त्यांना खर्चाचा अंदाज सांगितला आणि रस्ते सांगितले. खड्डे घासून मोठे करणं हा रस्ता नाही, चेंबर सैल होतो. सिलिंडर आणि तारा कारखान्याकडूनच नवीन बसवायला हवा, आमच्या पातळीवर सिलिंडर बनवणं बेकायदा आणि धोक्याचं दोन्ही. तोवर हत्यार आमच्याकडं जमा, रजिस्टरला नोंद, पावती काकांकडं, आणि त्याची प्रत त्यांच्या ठाण्यात म्हणजे नूतनीकरणाच्या फाइलला लागेल. शस्त्र कायद्यात २०१९ ला बदल झाल्यानंतर परवाना पाच वर्षांचा झालाय, म्हणजे पाच पाच वर्षं कुणी हत्यार उघडून बघत नाही असं व्हायला नको, म्हणून काकांना म्हटलं दर पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर आणून दाखवा, पैसे नाही घेणार.

काका म्हणाले, "अरे पण रिकामं ठेवलं तर वेळेला काय उपयोग?" हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि तो खोटा नाही, बागेत एकटं घर आहे त्यांचं. मी म्हटलं, काका, साडेतीन वर्षं तुमच्या कपाटात जे होतं ते वेळेला उघडलं नसतं, फिरलं नसतं, आणि नातवंडं सुट्टीत येतात त्याच खोलीत ते भरलेलं होतं. ते काही बोलले नाहीत. मग विचारलं, "कव्हर कसलं घेऊ?" कापडी, आतून मऊ, आणि ते पण फक्त नेण्या-आणण्यापुरतं. ठेवताना कव्हरशिवाय, कुलपाच्या लोखंडी पेटीत, सिलिका जेलची पुडी टाकून, काडतुसं दुसऱ्या कुलपात त्यांच्या प्लास्टिकच्या डबीत.

पुतण्याला पुढच्या फेरीला घेऊन या म्हणून सांगितलंय. त्याला रागवायचं नाहीये, ताऱ्याची वाकलेली पाकळी त्याच्या हातात द्यायचीय आणि स्क्रू ड्रायव्हर कुठं लावला होता ते विचारायचंय.

१३ जानेवारी, सोमवार

कानपूरला पत्र गेलं, सोबत चेंबरचे फोटो, मापं, हत्याराचा नंबर, परवान्याची प्रत. उत्तर येईपर्यंत हत्यार सुट्या भागांत, फ्रेम एका पेटीत, सिलिंडर दुसऱ्या. विकीनं लाल चामडी पट्ट्या आणखी कापून ठेवल्यात. उद्या संक्रांत, दुकान बंद. बुधवारी साताऱ्याहून एक जुनं वेब्ली येतंय, मालक म्हणतात रिकामं आहे. वाळूची पेटी त्याच जागी आहे, तेही तिकडं तोंड करूनच उघडणार.